नखुरडं नव्हतं ते

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या अंगठ्याला सूज आहे हे आमच्या लक्षात आलं ते २०२२च्या गणपतीत. आरतीला झांज कायम त्यांच्याकडे असायची. त्या दिवशी त्यांनी ती माझ्या भाच्याच्या हातात दिली आणि स्वतः नुसते हात जोडून उभे राहिले. विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई गं, सुई टोचली आसंल."

आम्हाला ते लगेच पटलं. नाना शिंपी. कराडात मंडईजवळच्या बोळात ४४ वर्षं त्यांचं दुकान. सुई टोचणं, कात्रीने घट्टे पडणं, दोऱ्याने कातडी चिरणं हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. अंगठ्याचं टोक लालसर, गरम आणि ताणलेलं होतं, रात्री ठसठसायचं. आईने बघताक्षणी सांगितलं, नखुरडं झालंय. मग आमच्याकडे घरोघरी करतात तेच केलं. लिंबाला भोक पाडून, आत हळद-मीठ घालून ते अंगठ्यावर बसवलं. कणकेचं गरम पोटीस बांधलं. नखुरडं म्हटलं की चार-आठ दिवसांत पिकतं आणि फुटतं. हे पिकलंच नाही. सूज आली तशी राहिली, नुसती टणक होत गेली.

आमचे नेहमीचे डॉक्टर गेली २५ वर्षं आमचं सगळं घर बघतात. त्यांनी आधी पाच दिवस गोळ्या दिल्या, मग चिरा दिला. मी तिथेच उभी होते. पू आलाच नाही. काळपट रक्त आलं आणि ते थांबायला बराच वेळ लागला. डॉक्टरांनी कापूस दाबून धरला आणि म्हणाले, "खोल असेल." पुन्हा दहा दिवस जास्त ताकदीच्या गोळ्या. त्यानंतर रक्त तपासलं, युरिक ॲसिड थोडं वाढलेलं निघालं, म्हणून गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजतात त्याचं, औषध. तोवर दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीचे कपडे दुकानात गठ्ठ्याने पडले होते. कात्रीच्या कडीत अंगठा जाईना, तर नानांनी कडीला मऊ कापडाची पट्टी गुंडाळली. पुढे पट्टीसकटही जाईना, तेव्हा कापायचं काम हाताखालच्या पोराला दिलं आणि स्वतः नुसते खडूने आखत बसले.

पू नसणं ही खूण होती, हे आज मला कळतं. पंधरा दिवसांत औषधाला अजिबात दाद न देणारं नखुरडं, ही दुसरी. त्या वेळी आमच्यापैकी कुणीही एक्स-रे हा शब्द काढला नाही. बोटाच्या टोकाचा एक्स-रे काढतात हेच डोक्यात नव्हतं. डॉक्टरांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आम्हीच त्यांना दारात जाऊन सांगितलं होतं, नखुरडं झालंय.

नोव्हेंबरच्या मध्यावर दादा, म्हणजे माझा भाऊ, पुण्याहून आला आणि नानांना दुसऱ्या सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी अंगठ्याला हात लावायच्या आधी विचारलं, "फोटो कुठाय?" फोटो म्हणजे एक्स-रे. अर्ध्या तासात फिल्म त्यांच्या हातात होती. मलाही ती नीट दिसली. बाकीच्या चार बोटांच्या टोकांना हाडाची छोटी बाणासारखी टोकं होती. अंगठ्यात तिथे काही नव्हतं, नुसती धुरकट जागा, आणि मुळाशी हाडाची एक पातळ कडा. सर्जननी पेनाने खालचा सांधा दाखवला. जंतुसंसर्ग असता तर बहुधा सांधाही खराब झाला असता, म्हणाले. इथे सांध्यातली फट शाबूत होती, हाड मात्र गेलं होतं. पुढे ते काही बोलले नाहीत. "तुकडा काढून तपासू," एवढंच म्हणाले आणि त्याच चिठ्ठीवर छातीचा एक्स-रे लिहिला. अंगठा दुखतोय तर छाती कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. दादाला सुचलं. "वजन उतरलंय का?" असा सर्जननी उलट प्रश्न केला. नाना नाही म्हणाले. हाताखालचा पोरगा सोबत आला होता. तो हळूच बोलला, "मामा, तुमी पँटची कंबर दोनदा आत घेतली की."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मापं घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने स्वतःची कंबर दोन-दोन इंच आत घेतली होती आणि घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

छातीच्या फिल्मवर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ होती. अंगठ्याच्या तुकड्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला: मेटास्टॅटिक ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे दुसरीकडून पसरत आलेला कॅन्सर. खाली टीटीएफ-१ पॉझिटिव्ह. म्हणजे अंगठ्यात सापडलेल्या पेशी फुप्फुसातून आलेल्या आहेत, असं त्यातून सुचतं. नानांनी सोळाव्या वर्षापासून बिडी ओढली होती आणि २०१० साली सोडली होती. खोकला होता, पण तो इतकी वर्षं होता की घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा आम्हाला ऐकूच येत नव्हता.

मुंबईला जायच्या आधी एका खासगी केंद्रात पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठेकुठे आहे ते दाखवणारा स्कॅन, करून घ्यायला सांगितलं होतं, तो केला. त्याबद्दल पुढे लिहिते.

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी दादरला उतरलो. परळच्या टाटामध्ये फाइल निघाली, स्मार्ट कार्ड मिळालं आणि पुढचे बारा दिवस या इमारतीतून त्या इमारतीत गेले. हॉस्पिटलची चिठ्ठी दाखवून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. आमच्या शेजारच्या खाटेवर जळगावकडचे एक काका होते, तोंडाचा कॅन्सर. त्यांच्या बायकोने पहिल्याच संध्याकाळी आईला चहा आणून दिला आणि कुठल्या खिडकीवर किती वाजता उभं राहायचं हे सगळं सांगितलं. त्या बाईंनी दिलेली माहिती कुठल्याच पाटीवर लिहिलेली नव्हती.

ओपीडीत आमच्या वाट्याला आलेल्या तरुण डॉक्टरबाईंनी नानांचा अंगठा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग बाजूच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं, नानांची परवानगी घेतली आणि त्यांनाही दाखवला. आम्हाला म्हणाल्या, कॅन्सर हाडांत जातो तो बहुतेक करून मणक्यात, कमरेच्या हाडांत, बरगड्यांत, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात. तिथे तांबडी मज्जा असते, रक्त भरपूर असतं, पेशींना रुजायला जागा मिळते. हातापायांच्या लहान हाडांत मोठ्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ सगळी चरबीची मज्जा. म्हणून हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये हात किंवा पाऊल हे हजारात एखाद्याचं. हातात सापडला तर सगळ्यांत जास्त वेळा मूळ फुप्फुसात असतं. पायाच्या बाबतीत आतडं, मूत्रपिंड अशा पोटातल्या अवयवांचाही विचार करतात.

"फुप्फुसच का?" दादाने विचारलं. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. दुसऱ्या अवयवांतून सुटलेल्या पेशींना आधी फुप्फुसाची चाळण लागते. फुप्फुसातल्याच गाठीतून सुटलेल्या पेशी थेट हृदयाच्या डाव्या बाजूला येतात आणि तिथून धमनीत. मग त्या बोटाच्या टोकापर्यंतही पोचू शकतात.

आई इतका वेळ गप्प होती. तिने एकच प्रश्न विचारला: "सुईनं झालं का ओ बाई हे?" तीन महिने ती ते मनात धरून बसली होती. कारण दिवाळीच्या आधी जाड कापडाच्या ऑर्डरी घ्या म्हणून तीच नानांच्या मागे लागली होती. डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "आजी, सुईने कॅन्सर होत नाही. तुमच्यामुळे तर मुळीच नाही." ज्या हाताला जास्त काम, तिकडे रक्त जास्त, म्हणून पेशी तिकडे अडकत असाव्यात असं एक मत आहे, हेही त्यांनी नंतर मला वेगळं सांगितलं. ते मी आईला कधीच सांगितलं नाही.

अंगठ्याचं काय करायचं, हा निर्णय आमच्यावर सोडला होता. दोन रस्ते. एक, टोकाचं पेर सांध्यातून काढून टाकायचं. दुखणं लगेच जातं, जखम भरते, पुन्हा तिथे त्रास सहसा होत नाही. दुसरा, किरणोपचार. हाड परत पहिल्यासारखं होत नाही, पण वेदना बऱ्याच कमी होतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि काहींना सुरुवातीचे दोन-तीन दिवस उलट जास्त दुखतं. दोन्हींतून आयुष्य वाढणार नव्हतं. बोटापर्यंत पोचलेला हा आजार असला की बहुतेकांच्या हाती काही महिनेच असतात, हे त्यांनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटत होतं काढून टाकावं. रात्री ते हात उशीवर उंच ठेवून भिंतीला टेकून बसलेले मी पाहिले होते, आणि ते एका दिवसात संपलं असतं.

नाना म्हणाले, "अंगठा ऱ्हाऊ द्या. कात्री अंगठ्यावर चालती."

मग किरणांचा ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांचं माप) एकच डोस ठरला. त्यांना टेबलावर पालथं झोपवलं, उजवा हात डोक्याच्या पुढे ताणून ठेवला आणि अंगठ्याभोवती जेलीसारखा जाड, मऊ पट्टा गुंडाळला. किरणांची ताकद अगदी कातडीजवळच्या भागालाही नीट मिळावी म्हणून तो लावतात. सगळी मांडामांड पाऊण तास, प्रत्यक्ष किरणं काही मिनिटं. बाहेर आल्यावर त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. दुसऱ्या रात्री मात्र इतकं दुखलं की आई धर्मशाळेच्या जिन्यात बसून रडली. आधी सांगून ठेवलेलं होतं म्हणूनच मी धीर धरू शकले. तिसऱ्या आठवड्यात कराडला एका सकाळी त्यांनी अंगठा वाकवून पाहिला आणि काही न बोलता भात कालवायला घेतला. अंगठ्याशिवाय घास पुढे ढकलता येत नाही. चार महिने ते चमच्याने जेवत होते आणि त्यांना ते मनापासून नकोसं होतं.

गोळीच्या उपचारासाठी लागणाऱ्या जनुकांच्या तपासण्या, ईजीएफआर आणि एएलके, दोन्ही निगेटिव्ह आल्या. म्हणून केमो. ती जवळच्या शहरात, महात्मा फुले योजनेत झाली. आमचं रेशनकार्ड केशरी. स्कॅन आणि काही तपासण्यांचा खर्च मात्र आम्ही केला. दर २१ दिवसांनी सलाईन, रोज फॉलिक ॲसिडची गोळी, मधूनमधून बी-१२चं इंजेक्शन. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड. ते सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. एक किडलेली दाढ काढावी लागली आणि ती जखम भरेपर्यंत थांबावं लागलं, कारण हे औषध चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड नासू शकतं. प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी. पहिल्या डोसनंतर एक दिवस ताप आला, पुन्हा कधी नाही. केमोबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. ज्यांच्या घरी झालीय त्यांना ती माहीत आहे.

मार्चमध्ये नानांची डावी टाच दुखायला लागली.

आणि आम्ही पुन्हा तेच केलं, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. टाचा कुणाच्या दुखत नाहीत? आयुष्यभर पायमशीन चालवलेली. आई म्हणाली वात. मी मऊ चपला आणल्या, मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय ठेवायला लावले. केमोच्या ठिकाणी सांगितलं, तर तिथेही "केमोने पाय दुखतात" म्हणून वेदनेची गोळी मिळाली. स्कॅनमध्ये पायाला काही नव्हतं ना, असं मी स्वतःची समजूत घालत होते. चार आठवडे असे गेले.

मग एका रात्री मी तो डिसेंबरचा पेट स्कॅनचा रिपोर्ट काढून पहिल्या ओळीपासून वाचला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं: कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत. नानांची पावलं त्यात नव्हतीच. पुष्कळ ठिकाणी पेट स्कॅन एवढ्याच भागाचा काढतात, कारण बहुतेक कॅन्सर तिथेच सापडतात. हात डोक्यावर घेतलेले असतात, तेही पुष्कळदा चित्राबाहेर राहतात. ज्या माणसाचा आजार अंगठ्यातच सापडला, त्याचाही नेहमीच्याच पद्धतीने काढला गेला. "डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत काढा" हे चिठ्ठीवर लिहावं लागतं, आणि ते कुणी लिहिलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. रिपोर्टमध्ये 'पायात काही नाही' असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने वाचलं होतं. घरात कुणाचा पेट स्कॅन व्हायचा असेल आणि हाताला किंवा पावलाला नवीन दुखणं असेल, तर टेबलावर झोपवण्याआधी ते बोलून दाखवा. तिथल्या माणसाला दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांगा.

दुसऱ्या दिवशी टाचेचा साधा एक्स-रे काढला. टाचेच्या हाडात लिंबाएवढी पोकळी होती.

पुन्हा ८ ग्रे, पुन्हा एकदाच. या वेळी आम्ही दोन रात्रींची तयारी आधीच करून ठेवली होती. पण आता डाव्या पायावर भार द्यायचा नव्हता, हाड मोडायची भीती. आणि इथे एक अडचण आली जी कुठल्याच कागदावर नव्हती. वॉकर धरायला पकड लागते, कुबडीला लागते, काठीला लागते. नानांच्या उजव्या अंगठ्यात हाडच उरलं नव्हतं. मुठीवर भार आला की ते कळवळायचे. फिजिओथेरपिस्टनी उपाय काढला: कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवता येईल असं पन्हाळं लावलेला वॉकर. तो कराडात मिळेना. साध्या वॉकरला वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचं पन्हाळं जोडून घेतलं आणि त्यावर नानांनी सांगितलेल्या मापाचा फोम आईने मशीनवर शिवला. शिलाई वाकडी आली म्हणून त्यांनी तिला ती उसवून परत घालायला लावली.

सदऱ्याची बटणंही लागेनात. आईने लावून दिलेली त्यांना चालायची नाहीत. शेवटी स्वतःच म्हणाले, काजं शिवून टाक आणि टिचबटणं लाव. आयुष्यभर हाताने काजं करणाऱ्या माणसाच्या पाच सदऱ्यांची काजं एका दुपारी बुजवली गेली. ते शेजारी बसून दोऱ्याचा रंग सांगत होते.

अंगठा मात्र, जेवढा होता तेवढा, टिकला. एप्रिल ते जून दुकानातला पोरगा रोज संध्याकाळी घरी कापड घेऊन यायचा. नाना पलंगावर पाट ठेवून त्याला कापायला शिकवायचे आणि मधूनच कात्री स्वतःच्या हातात घेऊन बाहीचा गोल काढून दाखवायचे. पोराने अंगठा कडीत घालून नुसता दाबू नये, कात्रीचं खालचं पातं पाटावरून उचलू नये, यावर त्यांचा जीव. तेव्हा मला कळलं की पेर काढून टाकावं असं मला वाटत होतं ते माझ्या सोयीचं होतं.

जुलैत दुखणं कंबरेत आणि बरगड्यांत पसरलं. केमो थांबवली. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी. दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणे, आणि सोबत पोट साफ राहायचं औषध पहिल्या दिवसापासून. आईला वाटत होतं ही नशेची गोळी, माणूस हातचा जाईल. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं सुसह्य करण्याचं काम करणाऱ्या, नर्सताईंनी तिला बसवून समजावलं की वेदनेसाठी ठरल्या मापाने घेतलेलं मॉर्फिन माणसाला सहसा व्यसनी बनवत नाही, त्याला झोपू देतं. गोळ्या कराडात मिळत नव्हत्या, दादा महिन्याच्या महिन्याला घेऊन यायचा. नर्सताई फोनवर विचारायच्या, शून्य ते दहा, किती दुखतंय? नानांना ती मोजणी जमली नाही. ते आण्यांत सांगायचे. "आज बारा आणे." मी मनात सोळाने भागून दहाने गुणायचे आणि ताईंना आकडा सांगायचे. पंधरा दिवसांनी ताईच विचारायला लागल्या, "नाना, आज किती आणे?" औषध बसल्यावर चार आण्यांवर आलं. त्याच्या खाली कधी आलं नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. जावयाला अधिकाचं वाण दिल्याशिवाय महिना जाऊ देणार नाही म्हणून ते अडून बसले. आईने ३३ अनारसे केले. ताट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, अंगठा काठाच्या वर ठेवून. माझे मिस्टर खाली वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

निज श्रावणात, घरीच, पहाटे गेले.

तेराव्यानंतर चार दिवसांनी आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले. आईसमोर बसले, चहा घेतला. उठताना मला म्हणाले, "त्या अंगठ्याची फिल्म आहे का गं तुमच्याकडं? पहिली?" मी मोठा पिवळा लिफाफा काढला. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली आणि इतका वेळ बघत राहिले की आईने मला दोनदा खूण केली. मग विचारलं, "ही मी ठेवू?"

मी लिफाफ्यासकट दिली.